हाताने शिवलेली पोती

नोकरीत हाताखालून गेलेली बरीचशी प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कोणता चोर कोणत्या तालुक्यातला, हे सांगताना गोंधळ होतो. रत्नागिरीतले पोत्यांचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. सरकारी पाणीपुरवठा कार्यालयाला पावडरीची पोती पुरवणारा एक साधा व्यापारी अटकेच्या उंबरठ्यावर उभा होता आणि त्याला आत ढकलायला सगळे गाव तयार होते. अटकेच्या कागदावर सही करायची होती ती मला.

मी मूळचा कऱ्हाडकडचा. रत्नागिरीला पोलीस निरीक्षक म्हणून बदली झाली तेव्हा एका मित्राने मला बजावले होते, की कोकणी माणूस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, उलट आपल्यालाच प्रश्न विचारतो. काही महिन्यांत त्याची खात्री पटली. ‘घरी कोण आहे?’ असे विचारले की ‘कशाला, काय काम होतं?’ हे उत्तर ठरलेले. हा आगाऊपणा नव्हे, हे मला पुढे कळले. इथल्या माणसाला आपल्याकडची माहितीसुद्धा कोणालाही सहजासहजी द्यायला आवडत नाही. एकदा विश्वास बसला की मात्र तो सगळे सांगतो आणि जाताना पिशवीत नारळही टाकतो.

ते दिवस गणपतीच्या आधीचे. घराघरांत रंगकाम चालू होते आणि मुंबईची मंडळी कोणत्या गाडीने येणार यापलीकडे गावात दुसरा विषय नव्हता. अशा वेळी शहरालगतच्या, उंचावर असलेल्या एका वाडीत जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. सरकारी रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या. एका म्हाताऱ्या बाईंची तर आशाच सोडलेली होती. आरोग्य खात्याने वाडीच्या टाकीतले पाणी तपासले तेव्हा त्यात क्लोरीनचा मागमूस नव्हता. टाकीत पावडर टाकणारा माणूस शपथेवर सांगत होता, की आपण रोज सकाळी न चुकता पावडर टाकतो. शेजारपाजारचेही तेच सांगत होते.

पाण्यात टाकायची ही ब्लिचिंग पावडर. पाणीखात्यातले सगळे तिला टीसीएल म्हणतात. ती बंद पोत्यांतून येते, खात्याच्या गोदामात राहते आणि तिथून लागेल तशी टाक्यांवर जाते. पावडर टाकूनही पाणी शुद्ध होत नसेल तर दोष पावडरीतच असणार, हे शेंबडे पोरही सांगेल. ती पुरवली होती हातखंब्याच्या एका व्यापाऱ्याने. त्यांचे घर आतल्या एका गावात, दुकान तिथल्या तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या नाक्यावर; साऱ्या तिठ्यावर त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. खात्यातर्फे पोती तपासून घेतली होती कनिष्ठ अभियंता बाईंनी. त्यांना कार्यालयात सगळे मॅडम म्हणत. दोघांनी संगनमताने निकृष्ट माल गोदामात भरला, अशी लेखी तक्रार खात्याच्या वरिष्ठांकडून आली आणि गुन्हा दाखल झाला. मॅडमना त्याच दिवशी कामावरून दूर केले गेले.

तक्रार नोंदवून मी बाहेर येतो न येतो तोच ठाणे अंमलदाराने हाक मारली. ठाण्यात निनावी फोन आला होता. बोलणारा म्हणाला होता, “अण्णाच्या पोत्यांत चुना भरलेलाय. जाऊन बघा.” एवढे बोलून त्याने फोन ठेवला होता. अंमलदाराला त्यात विशेष काही वाटले नाही. मला वाटले. टाकीतल्या पाण्यात क्लोरीन नाही एवढेच तोवर आरोग्य खात्याला माहीत होते. पावडरीचे नमुने प्रयोगशाळेत जायचे होते, तपासणीसाठी पोते अजून कोणी फोडलेले नव्हते. मग त्यात चुनाच आहे, पीठ नाही, खडूची भुकटी नाही, हे या गृहस्थाला कसे कळले? खबर देणाऱ्याला किती ठाऊक आहे यापेक्षा ते केव्हापासून ठाऊक आहे, हे मी आधी पाहतो. या सवयीने मला पुष्कळदा वाचवले आहे.

पंच घेऊन आम्ही गोदामावर गेलो. गोदाम शुद्धीकरण केंद्राच्या आवारातच होते. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंतीला पोत्यांच्या थप्प्या. तिथला स्टोअरकीपर मोठा नम्र माणूस होता. खुर्च्या पुसून ठेवल्या, पाण्याचे तांबे आणवले, मी न मागताच चाव्या पुढे केल्या. केंद्राच्या एका कामगाराला मी थप्प्यांतली निरनिराळी पोती काढून फोडायला सांगितले. पहिल्या पोत्याचा दोरा त्याने टोकाला धरून ओढला आणि तोंडाची अख्खी शिवण सर्रकन उसवली. आतली पावडर अशी उग्र, की पंचांनी नाकाला रुमाल लावले. पुढच्या पोत्यापाशी त्याने दोऱ्याला हातही लावला नाही. कोपऱ्यातला कोयता घेतला आणि पोत्याचे तोंड कापले. त्यातल्या पावडरीला वास जेमतेम होता आणि बोटांना ती गुळगुळीत लागत होती.

“कोयता कशाला घेतलास?” मी विचारले.

“काय काय पोत्यांचा दोरा सुटत नाय साहेब. लय घट्ट शिवलेली येतात,” तो म्हणाला.

आमचे गाव शेतीचे. खताची पोती उघडत मी लहानाचा मोठा झालो. कारखान्यात मशीनवर शिवलेल्या पोत्याचा दोरा योग्य टोक सापडले की एका ओढीत निघतो, तो तसाच घातलेला असतो. एकाच कंपनीच्या, एकाच गाडीतून आलेल्या पोत्यांत काहींचा दोरा निघतो आणि काहींचा निघत नाही, हे माझ्या पचनी पडेना. कापलेल्या तोंडांचे तुकडे मी मुद्देमालात घेतले. पोत्यांची शिवण दोन प्रकारची असल्याचे पंचनाम्यात लिहून घेतले. लेखनिक हवालदाराने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले, पण लिहिले.

मग अण्णांना चौकशीला बोलावले. साठीच्या आसपासचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ, पांढरा शर्ट, तोंडाने अतिशय फटकळ. निर्दोष माणूस चौकशीत सर्वांत जास्त त्रास देतो, हा माझा अनुभव. गुन्हेगार ‘होय साहेब, खरं आहे साहेब’ म्हणत आपल्याला खूश ठेवतो. अण्णांनी आल्याआल्या जबाब लिहिणाऱ्या शिपायाची चूक काढली.

“पुरवठा केला म्हणून काय लिवतोस? पुरवठा करून तपासून दिला असं लिव. नायतर सही नाय करणार मी.”

“अण्णा, चहा घ्या आधी,” मी म्हणालो.

“चहा नको. आधी काय विचारायचं ता विचारा. चहा प्यालो नि मग आत टाकलंत तर लोक म्हणतील, चहाला भुलला.”

मला हसू आले. त्यांना आले नाही. दोन दिवसांपासून दुकानाला गिऱ्हाईक फिरकले नव्हते. सकाळी कोणीतरी दुकानाच्या फळीवर शेण फासले होते. मुलीचे लग्न दिवाळीनंतर ठरले होते आणि मुलाकडच्यांचा फोन बंद झाला होता. हे सगळे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, रागाने सांगितले. शेवटी एकच वाक्य ते हळू बोलले. “साहेब, मला आत टाकलंत तर मी सुटून येईन कधीतरी. पण हातखंब्यात परत बसायला जागा नाय राहायची.”

खात्यात माल कसा घेतला जातो हे मी त्यांच्याकडून आणि नंतर मॅडमकडून समजून घेतले. तेव्हा प्रकरण काय आहे याची मला पहिली झलक मिळाली. मॅडम येण्याआधी पुरवठादार म्हणजे साहेबांच्या खोलीत दार लावून बसणारा आणि दिवाळीला सगळ्यांच्या घरी खोके पाठवणारा माणूस, अशी तिथली रीत होती. वर्षानुवर्षे एकच बडा पुरवठादार टीसीएल देत होता. मॅडमनी निविदा उघड्यावर आणल्या आणि नियम घातला, की माल उतरेल तेव्हा पुरवठादाराने स्वतः हजर राहायचे. पोती निवडायची केंद्रातल्या कामगारांनी, ती फोडायची सगळ्यांसमोर, पावडर तपासायची तिथल्या तिथे आणि निकाल लावायचा फाटकावरच्या फळ्यावर, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही वाचता येईल. माल तपासणीत उतरला तर बिल वेळेवर, आणि त्यासाठी कोणाच्याही पाया पडायचे नाही. माल नापास झाला तर गाडी परत, आणि त्याबद्दल भांडण नाही.

बड्या पुरवठादाराला हे मानवले नाही. सर्वांसमोर पोती फोडणे हा आपला अपमान आहे असे म्हणून त्याने निविदाच भरली नाही. त्याला वाटले असावे, खाते चार दिवसांत आपल्या दारी येईल. अण्णांनी ती भरली. पहिल्याच खेपेला त्यांची एक गाडी नापास होऊन परत गेली. “माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता,” अण्णा म्हणाले, “पण मग वाटलं, बाई बोलते ता खराच आहे. मी कंपनीशी भांडलो, दुसरी गाडी आणली. तेव्हापासून मीच बाईंना सांगत असे, पावडर ओलीपासून जपा, पावसात तिची ताकद जाते.” विकणारा आणि घेणारा एका बाजूला बसून मालाची चिंता करताहेत, हे सरकारी कार्यालयात मी तरी प्रथमच ऐकत होतो.

मॅडमशी मी त्यांच्या घरी बोललो. तरुण बाई, चेहरा ओढलेला, पण बोलणे स्पष्ट. त्या म्हणाल्या, “सर, पावसाच्या तोंडावर आलेला सगळा साठा मी स्वतः तपासलाय. पास होता. आता तो खराब निघतोय, म्हणजे एक तर मी खोटं बोलतेय, नाहीतर माल गोदामात आल्यावर बदललाय. मी खोटं बोलतेय असं धरून चाललात तर तपास सोपा आहे.”

“मला सोपा नकोय,” मी म्हणालो.

तिकडे दबाव वाढत चालला होता. वाडीतले लोक ठाण्यावर मोर्चा घेऊन आले. एक स्थानिक पुढारी माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “साहेब, गणपतीला पोरं येणार मुंबयतून. ती यायच्या आधी त्या अण्णाला आत टाका एकदाचा. लोकांचं समाधान होऊ द्या.” मी त्यांना सांगितले, की लोकांचे समाधान करायला गणपती येतच आहेत, माझे काम वेगळे आहे. ते रागावून गेले. माझ्या वरिष्ठांचा फोन आला. त्यांनी एवढेच विचारले, “अटक का नाही?” मी म्हणालो, “सर, अण्णा पळून जाणारे नाहीत. नोटीस दिली आहे, रोज हजेरी लावताहेत. चुकीचा माणूस आत घातला की बरोबरचा शोधायचे आपण बंद करतो.” वरिष्ठ म्हणाले, “गणपतीपर्यंत. नंतर मी विचारणार नाही, हुकूम देईन.”

कापलेली ती तोंडे मी टेबलावर समोर ठेवून बसे. दोरा नायलॉनचा होता, हिरवट. दर दोन-तीन टाक्यांनंतर एक गाठ. म्हणूनच ओढून तो सुटत नव्हता. एक टाका कापला तर पुढचा जागचा हलत नव्हता. पोते शिवणारा कोणीही माणूस अशी मेहनत कशाला घेईल? पोत्याचे तोंड नुसते धरून राहिले की झाले. रविवारी मासळी आणायला मी स्वतः मिरकरवाड्याच्या बंदरावर जात असे. धक्क्यावर जाळी पसरून, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून बसलेली माणसे मी कितीदा पाहिली होती. जाळ्याचा एक डोळा फाटला तर शेजारचा उसवता कामा नये, म्हणून ती माणसे प्रत्येक ठिकाणी गाठ मारतात. हे आठवले तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

साध्या कपड्यांत मी बंदरावर गेलो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून नुकताच हंगाम सुरू झाला होता, त्यामुळे बर्फाच्या गाड्या, लिलावाचा कोलाहल आणि पायाखाली निसरडे. जाळी दुरुस्त करणाऱ्या एका घोळक्यात मी बसलो आणि कापलेला तुकडा मधल्या वयस्कर माणसाच्या हातात दिला. त्याने तो उलटासुलटा पाहिला, अंगठ्याने एक गाठ दाबली, शेजाऱ्याकडे दिला. शेजाऱ्याने पुढे दिला. तुकडा फिरून माझ्याकडे आला.

“कशाला, काय काम होतं?” वयस्कर माणसाने विचारले.

“ही शिवण कोणाची?”

“आमाला काय ठावं? दोरा काय, कोनीपन शिवील.”

पण कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. घोळक्यात अचानक सगळ्यांना जाळ्यात फार काम दिसू लागले होते. मी ओळखले, की त्यांनी तो हात ओळखला आहे. इथे धाकदपटशा केला असता तर सगळे कानांवर हात ठेवून उठले असते. मी तिथेच बसून राहिलो आणि घडलेले सगळे त्यांना सांगितले. वाडीतली आजारी माणसे, रुग्णालयातली म्हातारी, पोत्यातला चुना. मग म्हणालो, “हातखंब्याचे अण्णा आत जातील. त्यांनी हे केलेलं नाही असं मला वाटतं. पण मला एकट्याला वाटून उपयोग नाही. पोती कोणी शिवली हे मला हवंय. शिवणाऱ्याला त्यात काय आहे हे माहीत नसेल, तर माझं त्याच्याशी भांडण नाही.” एवढे बोलून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक जोडपे ठाण्याच्या दारात येऊन उभे राहिले. नवरा मान खाली घालून, बायको ताठ. बोलली तीच.

“सायब, ती पोती ह्यांनी शिवलीत. बंदीत काम नव्हता. धक्क्यामागच्या शेडात बोलावलानी, म्हनाले, पावसात पोती फाटलीत, शिवून दे. ह्यांना काय ठावं नव्हता. आमी गरीब मानसं, पन लोकांच्या पान्यात खोट करनारी नाय.”

“तुला काही विचित्र नाही वाटलं?” मी नवऱ्याला विचारले.

“वाटला,” तो म्हणाला. “पोती फाटलेली नव्हती, तोंडं उसवलेली होती. बाजूला चुन्याची पोती होती. इचारलं तर म्हनाले, औषध कडक हाय, म्हनून पातळ करतोय. मी म्हटलं आसल.” मग मान वर करून म्हणाला, “पन शिवलीत ती नीट शिवलीत सायब. कच्ची शिवन माज्या हातान होत नाय.”

त्याच्या या शेवटच्या वाक्यावर सगळा गुन्हा अडकला होता. ज्यांनी त्याला बोलावले त्यांना बंदीच्या काळात स्वस्तात मिळणारा, सफाईदार हात हवा होता. तो मिळाला. जाळ्यावर बसलेला हात पोत्यावरही जाळ्याचीच गाठ मारणार, हे बंदरात जन्म काढूनही त्यांच्या लक्षात आले नाही. मी त्याचा जबाब घेतला आणि साक्षीदार म्हणून नोंदवला. जाताना त्याची बायको म्हणाली, “आता ह्यांना कोन काम देनार नाय बगा.” मी बंदरावर एका बोटमालकाला ओळखत होतो. त्याच्याशी बोलेन असे सांगितले, आणि बोललो.

पोती गोदामातून धक्क्यामागच्या शेडमध्ये गेली कशी, हे केंद्रातल्या कामगारांना विचारले तेव्हा त्यांनी सहज सांगितले. भर पावसात गोदामाचे पत्रे गळू लागले होते. मॅडम तेव्हा प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होत्या. स्टोअरकीपरने ‘मॅडमचा हुकूम आहे’ असे सांगून साठा कोरड्या जागी हलवला होता आणि पत्रे दुरुस्त झाल्यावर परत आणला होता. हे आधी का सांगितले नाही असे विचारल्यावर ते म्हणाले, “तुम्ही विचारलंतच कुठे?” पावसात माल कोरड्या जागी हलवणे हे रत्नागिरीत इतके नेहमीचे, की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नव्हते.

आता माझा नम्र स्टोअरकीपर. त्याला चौकशीत बसवले तेव्हा तो हात जोडून सगळे मान्य करत होता. साठा हलवला, होय. शेड कोणाचे, तर ओळखीच्या माणसाचे. तिथे कोणी काय केले, हे देवाला ठाऊक. आपण फक्त माल वाचवला. मॅडमना त्रास होतोय याचे फार वाईट वाटते. त्याच्या डोळ्यांत पाणीही आले. अशा माणसाला प्रश्न विचारून उपयोग नसतो, तो उत्तरांची घडी घालून आलेला असतो. त्याला काम द्यावे लागते.

मी त्याला पंचांसह गोदामावर नेले. पहिल्या पंचनाम्याच्या वेळी लावलेले सील काढले. उरलेल्या साठ्यात दोन्ही प्रकारची पोती सरमिसळ लागलेली होती. मी साठ्याची मोजदाद करायला आलोय अशा थाटात, कंटाळलेल्या आवाजात म्हणालो, “आरोग्य खात्याचा निरोप आहे, आज सगळ्या टाक्यांत पावडर दुप्पट टाकायची. तुमच्या घराकडच्या टाकीसाठी एक पोतं काढून द्या.”

तो चटकन उठला. पुढच्या थप्पीतली पोती ओलांडून मागे गेला, दोन पोती बाजूला सारली आणि तिसरे काढून माझ्यासमोर ठेवले. कामगाराने दोरा ओढला, शिवण सर्रकन निघाली. पावडर अस्सल.

“आता वाडीच्या टाकीसाठी काढा.”

त्याचा हात सवयीने पुढच्या थप्पीतल्या पोत्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. तो हात तसाच हवेत राहिला, खाली घ्यावा की पुढे न्यावा हे त्याला ठरवता येईना. पंचांतले एक निवृत्त शिक्षक होते. ते पुढे झाले, त्याने काढू पाहिलेल्या पोत्याची गाठीगाठींची शिवण पाहिली आणि म्हणाले, “अरे, त्या वाडीत लहान मुलं आहेत रे.” स्टोअरकीपर फरशीवर खाली बसला.

मला त्या वेळी संताप आला, हे लपवत नाही. हा माणूस बेसावध नव्हता. कोणते पोते कोणते हे त्याला पक्के ठाऊक होते. शहरातल्या टाक्यांतले पाणी केंद्रावर रोज तपासले जाते, तिथे तो चांगली पोती देत होता. दूरच्या वाडीत पावडर हाताने टाकतात, रोजची तपासणी नाही, म्हणून चुन्याची पोती तिकडे. स्वतःच्या घरातले पाणी त्याने शुद्ध ठेवले होते.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. त्यामुळे मी त्याच्या रडण्यावर विसंबलो नाही. त्याने दाखवलेल्या जागेचा रीतसर पंचनामा केला. धक्क्यामागच्या शेडमधून उरलेला चुना, पोत्यांतून काढलेली अस्सल पावडर आणि हिरवट दोऱ्याचे रीळ मिळाले. शेड जुन्या बड्या पुरवठादाराचे निघाले. ठाण्यात आलेला निनावी फोन त्याच्या ड्रायव्हरचा होता. पैशांपेक्षा या पुरवठादाराला फाटकावरचे ते निकालाचे कागद बंद व्हायला हवे होते. साथ येईल, अण्णा आणि मॅडम बदनाम होतील, उघड्यावर माल तपासण्याचे खूळ संपेल आणि खाते पुन्हा आपल्या दारी येईल, असा त्याचा हिशेब होता. तो वकील घेऊन ठाण्यात आला. बसताना म्हणाला, “साहेब, धंद्यात चढाओढ असतेच.” रुग्णालयातल्या म्हातारीचा नातू त्या दिवशी जबाब द्यायला ठाण्यात आला होता; मी पुरवठादाराला त्याच्याशेजारी बाकावर बसवले आणि जबाब तिथेच घ्यायला सांगितले. चढाओढीचा विषय पुन्हा निघाला नाही.

ती म्हातारी वाचली. गणपतीच्या आधी दोन्ही आरोपी कोठडीत होते. पुढे खटला चालला, पुरावा टिकला, शिक्षा झाली. जाळी शिवणारा साक्षीला उभा राहिला. वकिलाने त्याला बरेच उलटसुलट विचारले, पण त्याने न्यायालयात दोरा मागून घेतला आणि सगळ्यांसमोर तीच गाठ मारून दाखवली.

मॅडमना पुन्हा कामावर घेतले. पहिल्याच दिवशी त्यांनी गोदामाला दुसरे कुलूप लावले आणि त्याची चावी केंद्रातल्या कामगारांकडे दिली. माल आत आल्यावरही तो मधूनमधून सगळ्यांसमोर तपासायचा, असा नियम वाढवला. उघडा कारभार मालाच्या गाडीपाशी संपून चालत नाही, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले. अण्णांना त्यांनी पुन्हा पुरवठ्यासाठी विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, “आधी पत्रे बदला. मग गाडी आणतो.” पत्रे बदलले गेले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती तपासाबद्दलची नाही. संशय घेताना आम्ही पोलीस चौघांसमोर घेतो. गाडी दारात उभी राहते, गणवेश दिसतो, शेजारीपाजारी गोळा होतात. माणूस निर्दोष ठरला की मात्र त्याला एकट्याला एक कागद देतो आणि ‘जा’ म्हणतो. त्या कागदाने अटक टळते, माणूस गावात परत बसत नाही. त्याला परत बसवणे हेही तपासाचेच काम आहे, असे मी तेव्हापासून मानत आलो आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांनाही सांगत आलो.

म्हणून गणपतीच्या आदल्या दिवशी मी अण्णांना कागद द्यायला ठाण्यात बोलावले नाही. गणवेश चढवला, सरकारी गाडी घेतली आणि भर दुपारी हातखंब्याच्या तिठ्यावर उतरलो. सणाची गर्दी उसळली होती. अण्णांच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, “अण्णा, तुमच्याकडे काही निघालं नाही. तुमचा माल चांगला होता. खरे गुन्हेगार आत आहेत.”

अण्णांनी दुकानात जाऊन एक खुर्ची उचलून आणली, आतल्या सावलीत न ठेवता बाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवली आणि मला बसवले. चहा सांगितला. शेजारचे दुकानदार एकेक करून जवळ आले. कोणी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला, कोणी नुसतेच उभे राहिले. ज्यांनी तोंड फिरवले होते तेही आले. अण्णा कोणाशी फटकून वागले नाहीत, पण त्यांची नजर सारखी रस्त्याच्या वळणाकडे जात होती.

चहा संपला, तसा मी उठायला लागलो. अण्णांनी माझा हात धरला.

“थांबा साहेब जरा,” ते म्हणाले. “आमच्या गावची माणसं यायचीत अजून, एसटीनं.”

मी परत बसलो आणि दुसरा चहा सांगितला.